व्हेंचर कॅपिटल फंडांची प्रादेशिक संघटना कशी बांधावी: कार्यवाहाच्या खुर्चीतून

अकरा वर्षं मी व्हेंचर कॅपिटल फंडांच्या एका प्रादेशिक संघटनेची कार्यवाह होते. हे फंड इतरांचे पैसे गोळा करून नव्या, वाढत्या कंपन्यांच्या भागभांडवलात घालतात. दिवसभर एकाच स्टार्टअपच्या मागे लागलेली माणसं संध्याकाळी माझ्यासमोर एकाच टेबलाभोवती बसायची. सुरुवात ७ फंडांनी झाली, मी काम सोडलं तेव्हा सभासद ४२ होते. अधूनमधून दुसऱ्या प्रदेशातून कुणाचा तरी फोन यायचा, "आम्हालाही संघटना काढायची आहे, तुमची घटना पाठवता का?" मी पाठवायचे. पण घटनेच्या कलमांत जे मावत नाही त्याचीच पुढे गरज पडते, म्हणून ते इथे लिहिते आहे. सगळं एका गोष्टीभोवती फिरतं: एकमेकांशी स्पर्धा करणारी माणसं आपली माहिती तुमच्या हाती देतील इतका भरवसा कमवायचा कसा, आणि टिकवायचा कसा.

पहिल्या सभेच्या आधी

सभा बोलावण्याआधी प्रत्येक फंडाच्या प्रमुखाला एकेकटं भेटा आणि एकच प्रश्न विचारा: तुम्हाला एकट्याने जमत नाही असं काय आहे? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. माझ्या सात भेटींत चार जण म्हणाले, पेन्शन फंड आणि विमा कंपन्या इथल्या फंडांत पैसे घालत नाहीत, कारण आमच्याबद्दल धड आकडेच कुठे नाहीत. दोघांची तक्रार विद्यापीठांबद्दल होती. संशोधनातून कंपनी निघाली की विद्यापीठाने भागभांडवलात किती वाटा घ्यायचा, यावर सहा-सहा महिने घोळ चालायचा. एकाने 'डील फ्लो' म्हटलं, म्हणजे चांगल्या कंपन्यांची आवक.

डील फ्लोच्या आशेवर संघटना उभी करू नका. चांगली कंपनी सापडली की कोणताही फंड ती आधी स्वतःपाशी ठेवणार, आणि त्याने ठेवावीच. त्याला पैसे देणाऱ्यांनी ते त्यासाठीच दिलेले असतात. संघटनेने हात घालायचा तो एकट्याला न पेलणाऱ्या कामांत. अमेरिकेतली नॅशनल व्हेंचर कॅपिटल असोसिएशन १९७३ साली स्थापन झाली. १९७८ मध्ये तिथे भांडवली नफ्यावरच्या कराचा कमाल दर ४९.५ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला. १९७९ मध्ये तिथल्या कामगार खात्याने पेन्शन फंडांच्या विश्वस्तांसाठी खुलासा केला: सगळ्या गुंतवणुकीतला छोटासा भाग जोखमीच्या फंडात आहे, एवढ्यावरून कुणी बेजबाबदार ठरत नाही. पेन्शनचा पैसा व्हेंचर कॅपिटलकडे वळला तो त्यानंतर. या दोन्ही बदलांसाठी त्या संघटनेने आणि इतरांनी नेटाने बाजू मांडली होती. एका फंडाच्या पत्राने यातलं काही हललं नसतं.

प्रादेशिक संघटनेने मात्र राष्ट्रीय संघटनेची नक्कल करू नये. कर आणि कायदा हे मुख्यतः त्यांचं मैदान. आपलं मैदान म्हणजे जवळची विद्यापीठं, स्थानिक पेन्शन मंडळं, प्रादेशिक सरकारचे निधी आणि बाहेरून येणारे गुंतवणूकदार. ब्रिटनमध्ये २०२३ साली विद्यापीठं आणि गुंतवणूकदार यांनी एकत्र बसून स्पिन-आउट, म्हणजे विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेल्या, कंपन्यांच्या अटींची मार्गदर्शिका काढली. असं काम प्रादेशिक पातळीवर फार छान होतं, कारण दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना नावानिशी ओळखत असतात. आमची पहिली उपसमिती विद्यापीठांचीच होती, आणि माझ्या मते संघटना टिकली ती तिच्यामुळे. दीड वर्षात दोन विद्यापीठांनी वाटाघाटींचा नमुना मान्य केला, तेव्हा काठावर बसलेले फंड आपणहून अर्ज घेऊन आले.

सभासद कुणाला करायचं

सगळ्यात जास्त वाद इथे होतो, म्हणून व्याख्या पहिल्याच दिवशी कागदावर आणा. अमेरिकेत २०१० च्या वित्तीय सुधारणा कायद्याने व्हेंचर कॅपिटल फंडांच्या सल्लागारांना नोंदणीतून सूट दिली, आणि मग सरकारला ठरवावं लागलं की व्हेंचर कॅपिटल फंड म्हणायचं कशाला. नियमात आलं की पात्र गुंतवणुकीबाहेर २० टक्क्यांहून जास्त पैसा जाता कामा नये, आणि कर्जावरही मर्यादा. सरकारला जी रेघ ओढावी लागली ती तुम्हालाही ओढावी लागणार.

आमची रेघ साधी होती. इतरांकडून गोळा केलेला, कराराने बांधलेला निधी हवा. तो खासगी, वाढत्या कंपन्यांच्या भागभांडवलात जायला हवा. आणि निर्णय अर्जदाराच्याच हातात हवा. मोठ्या उद्योगांचे गुंतवणूक विभाग, फॅमिली ऑफिस (श्रीमंत कुटुंबांचा पैसा सांभाळणाऱ्या संस्था) आणि सरकारी निधी यांना आम्ही चर्चेअंती आत घेतलं. पैसा उभारून देऊन कमिशन घेणाऱ्यांना घेतलं नाही. एक सल्लागार फार आग्रही होते, तीनदा अर्ज केला. माणूस चांगला होता, मला वाईट वाटलं. पण ते सभासद झाले असते तर प्रत्येक बैठक त्यांच्यासाठी बाजार ठरली असती.

वकील, लेखापरीक्षक, बँका यांना सहयोगी सभासद करा. त्यांना मत नको आणि कार्यकारिणीत जागा नको. त्यांचे प्रायोजकत्वाचे पैसे लागतात, तरी एकूण उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. आमच्याकडे एका वर्षी हा आकडा निम्म्यावर गेला, आणि वार्षिक परिषदेत गुंतवणूकदारांपेक्षा प्रायोजकांचीच भाषणं जास्त झाली. पुढच्या वर्षी उपस्थिती घसरली.

वर्गणी फंडाच्या आकाराप्रमाणे टप्प्यांत ठेवा आणि पहिलाच फंड उभारणाऱ्या नव्या मॅनेजरला सगळ्यात खालचा टप्पा द्या. मत मात्र प्रत्येक फंडाला एकच. सर्वांत मोठ्या फंडाने एकदा मागणी केली की वर्गणीच्या प्रमाणात मतं द्यावीत. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या शब्दाला सरकारदरबारी वजन येतं ते लहान फंड तुमच्यासोबत उभे असतात म्हणून. त्यांची मतं काढून घेतलीत, तर ते उभे राहतील का?" ते पुन्हा तो विषय घेऊन आले नाहीत.

टेबलावर काय बोलायचं नाही

हा भाग सावकाश वाचा. स्पर्धकांची कुठलीही संघटना स्पर्धा कायद्याच्या कडेवर चालते. अमुक व्हॅल्युएशनच्या (कंपनीच्या धरलेल्या किमतीच्या) वर कुणी जायचं नाही, ही कंपनी तू घे ती मी घेतो, त्या संस्थापकाला कुणीच पैसे द्यायचे नाहीत, नवख्या ॲनालिस्टला इतकाच पगार द्यायचा: असलं एक वाक्य संघटनेच्या सभेत उच्चारलं गेलं आणि बाकीचे गप्प बसले, तर गप्प बसणंसुद्धा संमती म्हणून वाचलं जाऊ शकतं. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोत काही एंजल गुंतवणूकदार (नव्या कंपन्यांत स्वतःचा पैसा घालणारे) जेवायला जमले, आणि व्हॅल्युएशन खाली ठेवण्याबद्दल तिथे बोलणं झाल्याचा जाहीर आरोप झाला. हजर असलेल्यांपैकी काहींनी तो जोरात नाकारला. पण नुसत्या आरोपानेसुद्धा संस्थापकांच्या मनात किती शंका उभ्या राहतात याचा विचार करा.

आमच्या तिसऱ्या वर्षातली एक सभा मला अजून डोळ्यांसमोर दिसते. विषयपत्रिकेवर चौथा विषय होता, परिषदेची तारीख. चहाचे कप फिरत होते. एक ज्येष्ठ सभासद सहज म्हणाले, "त्या लॉजिस्टिक्सवाल्या कंपनीने फारच आकडा लावलाय. आपण सगळ्यांनी जरा थांबलं तर तो आपोआप खाली येईल." दोघं हसले. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, हा विषय इथे घेता येणार नाही. मी सभा थांबवते आहे." खोलीत अगदी शांतता झाली. वकिलांना फोन लावला. ते येईपर्यंत वीस मिनिटं कुणीही त्या कंपनीचं नाव काढलं नाही. इतिवृत्तात मी लिहिलं: ७ वाजून ४० मिनिटांनी विषयपत्रिकेबाहेरचा मुद्दा निघाला, कार्यवाहांनी हरकत घेतली, चर्चा झाली नाही. त्या सभासदांचा माझ्यावर आठवडाभर राग होता. नंतर त्यांनी स्वतःच सुचवलं की प्रत्येक सभेच्या सुरुवातीला पाच ओळींचं निवेदन वाचावं.

ते निवेदन आजही वाचलं जातं. किंमत, अटी, विशिष्ट कंपन्या, फी आणि पगार यांवर इथे बोलणं होणार नाही. असा विषय निघाला तर कुणीही सभासद सभा थांबवू शकतो. आणि हरकतीची नोंद इतिवृत्तात होईल. छापील विषयपत्रिकेशिवाय सभा घेऊ नका. सभेनंतरचा जिना, जेवण आणि व्हॉट्सॲप ग्रुप यांनाही तोच नियम लावा. आम्ही सभासदांचा ग्रुप फक्त सूचनांपुरता ठेवला, त्यावर कार्यवाहाशिवाय कुणाला लिहिता येत नसे.

नवे सभासद एक शंका हमखास विचारतात: मग दोन फंड मिळून एका कंपनीत पैसे घालतात, तेव्हा ते अटींवर बोलतातच ना? बोलतात, आणि त्यांना बोलावंच लागतं. सिंडिकेट हा त्या दोघांचा आणि त्या कंपनीचा उघड व्यवहार असतो, संस्थापकाला तो ठाऊक असतो. तो त्यांनी आपल्या कार्यालयात करावा. संघटनेची खोली, संघटनेची यादी आणि संघटनेचा माणूस त्यात नको.

आकडे गोळा करताना

संघटनेचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे प्रदेशातल्या गुंतवणुकीचा वार्षिक अहवाल. पेन्शन मंडळ, सरकार, पत्रकार, सगळे त्याचीच वाट बघतात. आमचा पहिला अहवाल छपाईला जाण्याच्या आदल्या रात्री मला शंका आली. एकूण रक्कम जमत नव्हती, फारच मोठी दिसत होती. सभासदांनी आकडे भरून पाठवलेला एकेक अर्ज पुन्हा काढला. एका आरोग्य-तंत्रज्ञान कंपनीच्या पैसे उभारण्याच्या फेरीत तीन सभासद होते, आणि तिघांनीही आपला वाटा न लिहिता अख्ख्या फेरीची रक्कम लिहिली होती. एकच पैसा तीनदा मोजला गेला होता. रात्री अकराला तिघांना फोन केले, तिघांनीही उचलले. त्यानंतर अर्जात दोन वेगळे रकाने आले: फेरीची एकूण रक्कम आणि तुमचा वाटा. कंपनीचा नोंदणी क्रमांकही सक्तीचा केला, म्हणजे एकच फेरी जुळवून बघता येते.

दुसरा खड्डा म्हणजे 'आपल्या प्रदेशातली' कंपनी कोणती. नोंदणी एका ठिकाणी, संस्थापक दुसरीकडे, अभियंते तिसरीकडे, असं सर्रास असतं. आम्ही निकष ठेवला: निम्म्याहून जास्त कर्मचारी जिथे काम करतात ती जागा. तुम्ही वेगळा ठेवा हवं तर, पण अहवालाच्या पहिल्या पानावर छापा आणि दरवर्षी बदलू नका. निकष बदलला की मागच्या वर्षाशी तुलना संपली.

घोषणा झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष बँकेत आलेली रक्कम यांतला फरकही विचारा. पैसा बहुतेक वेळा टप्प्याटप्प्याने येतो.

आणि गुप्तता. कच्चे अर्ज कार्यकारिणीलासुद्धा दिसता कामा नयेत, कारण कार्यकारिणी म्हणजेच स्पर्धक. आमचे अर्ज बाहेरच्या एका लेखापालाकडे जायचे, मलाही फक्त बेरजा मिळायच्या. पहिल्या वर्षीचा तो रात्रीचा प्रसंग हेच शिकवून गेला होता की एवढी माहिती कार्यवाहाकडेसुद्धा नको. कोणता आकडा छापायचा यासाठी एक जुनं मोजमाप उपयोगी पडतं. अमेरिकेच्या स्पर्धा अधिकाऱ्यांनी १९९६ साली आरोग्यक्षेत्रासाठी ते दिलं होतं: माहिती किमान पाच जणांची, तीन महिन्यांहून जुनी, आणि कुणा एकाचा वाटा एकचतुर्थांशाहून जास्त नाही. २०२३ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी ते मागे घेतलं, म्हणून त्याला ढाल समजू नका. त्याच्या खाली मात्र कधीच जाऊ नका. आमच्याकडे एका वर्षी शेती-तंत्रज्ञानात दोनच व्यवहार झाले. ती ओळ आम्ही 'इतर' मध्ये मिसळली. पत्रकार नाराज झाले, सभासद निर्धास्त राहिले. पुढच्या वर्षी सगळ्यांचे अर्ज मुदतीत आले.

सामाईक कागद

टर्म शीट (गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद) किंवा भागधारक करार स्वतः कोऱ्या कागदावरून लिहायला बसू नका. नॅशनल व्हेंचर कॅपिटल असोसिएशनचे आदर्श दस्तऐवज मोफत मिळतात: टर्म शीट, भागखरेदी करार, गुंतवणूकदारांच्या हक्कांचा करार, मतदान करार, पहिल्या नकाराच्या हक्काचा आणि सहविक्रीचा करार (कुणी शेअर विकायला काढले तर ते आधी घेण्याचा किंवा सोबत आपलेही विकण्याचा हक्क). ब्रिटिश संघटनेनेही आपले काढले आहेत. आपल्या कायद्यात बसतील असे बदल स्थानिक वकिलांकडून करून घ्या, आणि समितीत संस्थापकांच्या बाजूने काम करणारा एक वकील हवाच. आमच्या पहिल्या मसुद्यात तो नव्हता, आणि एका संस्थापक मेळाव्यात मला उभं राहून कबूल करावं लागलं की मसुदा एकतर्फी झाला आहे. तो मागे घेतला, आठ महिने गेले, पण दुसरा मसुदा दोन्ही बाजूंनी वापरला.

टक्के, रकमा, लिक्विडेशन प्रेफरन्सची पट (कंपनी विकली किंवा बंद झाली तर गुंतवणूकदाराला आधी किती पट परत) या जागा कोऱ्याच सोडा. संघटनेने तिथे आकडा छापला तर तो दर ठरवल्यासारखं होतं. नमुना वापरायची सक्तीही नको. समासात सोप्या भाषेत टिपा द्या. पहिल्यांदा पैसे उभारणारा संस्थापक त्या टिपाच आधी वाचतो.

फंडातल्या कंपन्यांचं मूल्य कसं काढायचं यासाठी आयपीईव्ही नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. फ्रेंच, ब्रिटिश आणि युरोपीय संघटनांनी मिळून ती २००५ मध्ये काढली. फी आणि खर्च कळवण्यासाठी गुंतवणूकदार संस्थांच्या आयएलपीए या संघटनेने २०१६ मध्ये तक्ता दिला. नव्या मॅनेजरांना या दोन गोष्टी अर्ध्या दिवसाच्या वर्गात शिकवा. आमचा सर्वांत भरलेला कार्यक्रम हाच असायचा, कारण पेन्शन मंडळाचा पहिला प्रश्न 'हे मूल्य कसं काढलं' हाच असतो.

संस्थापकांची तक्रार आली तर

एका संस्थापिकेने मला पत्र लिहिलं. तिने एका फंडाला पाठवलेलं सादरीकरण तीन आठवड्यांनी तिच्या स्पर्धकाच्या हाती पोचलं होतं, पानाच्या कोपऱ्यात तिने टाकलेल्या खुणेसकट. फंड आमचा सभासद होता. तेव्हा आमच्याकडे आचारसंहिता नव्हती, त्यामुळे मला फक्त ऐकून घेता आलं. ती हतबलता मला फार लागली.

आचारसंहिता पहिल्या वर्षीच करा. सादरीकरण परवानगीशिवाय पुढे पाठवायचं नाही. नकार असेल तर ठरलेल्या मुदतीत स्पष्ट कळवायचा. गुंतवणुकीच्या भेटीगाठींत छळ झाला तर तक्रार कार्यकारिणीबाहेरच्या व्यक्तीकडे जाईल. तक्रार ऐकणाऱ्या तिघांत एकही गुंतवणूकदार नसला तर उत्तम. काढून टाकण्याचं कलम लिहा आणि ते वापरायची तयारी ठेवा.

सरकारकडे जाताना

एका पानाचं टिपण, तीन मागण्या, आपल्याच अहवालातले आकडे, आणि सोबत एक संस्थापक जो आपली गोष्ट स्वतः सांगेल. एवढंच न्या. आणि धीर धरा. युरोपात पर्यायी फंडांवरचा (हेज फंड, खासगी भांडवल, व्हेंचर अशा फंडांवरचा) कायदा २०११ मध्ये आला तो मोठ्या फंडांचा विचार करून. लहान व्हेंचर फंडांसाठी वेगळी, हलकी चौकट २०१३ मध्ये आली, आणि ती मोठ्या मॅनेजरांना खुली करणारी दुरुस्ती २०१७ मध्ये. या काळात संघटनांनी तेच मुद्दे पुन्हा पुन्हा मांडले. भेटीची नोंद ठेवा, भेटवस्तू देऊ नका, नोंदणी लागत असेल तर ती आधी करा.

संकटाची यादी आधीच करून ठेवा. ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतल्या, स्टार्टअप आणि व्हेंचर फंडांची खाती असलेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायचा प्रयत्न झाला, दुसऱ्या दिवशी बँक बंद केली गेली, आणि सर्व ठेवी सुरक्षित असल्याचं रविवारी जाहीर झालं. त्या तीन दिवसांत कुणाचा पगार अडकेल, खरी माहिती कोणाकडे आहे, हे विचारायला माणसांना एक जागा हवी होती. कार्यवाहापाशी प्रत्येक फंडाच्या दोन माणसांचे रात्रीचे फोन नंबर हवेत, आणि सरकारी अधिकाऱ्याचाही. ग्रुपवर अफवा पुढे ढकलू नका; पक्कं कळलं तेवढंच लिहा, खाली वेळ घाला.

खुर्ची सोडताना

अध्यक्ष दोन वर्षांचा, लगेच फेरनिवड नाही. खजिनदार अध्यक्षाच्या फंडातला नको. परिषदेत कुठल्या कंपन्या मंचावर येणार हे निवडणाऱ्या समितीतल्या कुणाचीही गुंतवणूक त्या कंपन्यांत नको; हे कलम आम्ही उशिरा घातलं आणि त्याआधीच्या दोन परिषदांबद्दल मला आजही खंत आहे.

माझ्यानंतर आलेल्या कार्यवाहाला मी एक जाड फाइल दिली. त्यात घटना, सगळी इतिवृत्तं, वकिलांचा नंबर, बँकेच्या सह्यांची पत्रं, अहवालाचे निकष आणि पाच ओळींचं ते निवेदन होतं. सभासदांबद्दल मला खासगीत जे जे कळलं होतं त्याची एक वही माझ्याकडे होती. ती मी फाइलमध्ये ठेवली नाही. शेवटच्या दिवशी कार्यालयातल्या कागद फाडायच्या यंत्रात तिची पानं एकेक करून घातली, आणि मग किल्ली दिली.